कंसातली बोली : कोशांतील संक्षेपांविषयी

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत कोशवाङ्मय शिकवले जाते ते प्रामुख्याने नावे आणि सनावळी यांच्या रूपात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, बाबा पदमनजींनी केलेला त्याचा संक्षेप १८६३ चा, दाते, कर्वे, चांदोरकर आणि दातार यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळातले आणि पुरवणी १९५० ची, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ चा. विद्यार्थी हे पाठ करतात, टीपा लिहितात आणि उत्तीर्ण होतात. परंतु यांपैकी एखाद्या कोशाच्या आरंभी असलेली संक्षेपांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. ती यादी म्हणजे कोश वापरण्यासाठीची किरकोळ किल्ली, तिच्यात वाचण्यासारखे काय असणार, अशीच सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत दुरुस्त व्हायला हवी, असे मला वाटते. कोशकाराची भाषेविषयीची भूमिका त्याच्या प्रस्तावनेत जितकी कळते, त्याहून अधिक त्याच्या संक्षेपांत कळते. प्रस्तावनेत त्याने काय करायचे योजले ते असते. संक्षेपांत त्याने प्रत्यक्ष काय केले ते असते. एखाद्या शब्दापुढे ‘पु.’ लिहिणे हे व्याकरण झाले. पण त्याच शब्दापुढे कंसात ‘ग्राम्य’ लिहिणे हा निर्णय झाला, आणि काहीच न लिहिणे हा तर त्याहून मोठा निर्णय झाला. हे निर्णय आजवर मोजक्या विद्वानांनी घेतले. आता विक्शनरीसारख्या, कोणालाही नोंद करता येणाऱ्या सामूहिक कोशामुळे ते आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसांच्याही हाती आले आहेत. म्हणून हा विषय बारामती-इंदापूरच्या मराठी विभागांना परका नाही.

प्रथम जुन्या कोशांकडे पाहू. मोल्सवर्थच्या कोशात शब्दापुढचे एखादे अक्षर तो संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी, हे सांगते. ही खूण आहे कुळाची. शब्द कोठून आला हे तिने कळते. तो आज कोठे राहतो, हे कळत नाही. दाते-कर्वे यांच्या कोशात मात्र खुणांचे एक मोठे गावच वसलेले दिसते. चौकोनी कंसात सं., प्रा., फा., अर., हिं., का. ही कुळे, गोल कंसात व. म्हणजे वऱ्हाडी, खा. म्हणजे खानदेशी, गो. म्हणजे गोमंतकी, कु. म्हणजे कुडाळी, राजा. म्हणजे राजापुरी, माण. म्हणजे माणदेशी ही ठिकाणे. त्याशिवाय ल. म्हणजे लाक्षणिक, सामा. म्हणजे सामान्यतः, म्ह. म्हणजे म्हण. आणि नोंदीच्या शेवटी ज्ञा म्हणजे ज्ञानेश्वरी, एभा म्हणजे एकनाथी भागवत, तुगा म्हणजे तुकारामांची गाथा, भाब म्हणजे भाऊसाहेबांची बखर, अशी आधारग्रंथांची मालिका. सव्वा लाखाहून अधिक शब्दांचा तो संसार या चिमुकल्या खुणांवर उभा आहे.

या खुणांत दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘माण.’ किंवा ‘व.’ ही खूण सांगते की हा शब्द अमुक भागात ऐकू येतो. ‘कुण.’ म्हणजे कुणबाऊ, ‘बायकी’ किंवा ‘ग्राम्य’ ही खूण सांगते की हा शब्द अमुक प्रकारच्या माणसांच्या तोंडी असतो. पहिली खूण शब्दाला पत्ता देते, दुसरी त्याला पायरी देते. पत्ता असलेला शब्द शोधता येतो, त्या गावी जाऊन पडताळता येतो. पायरी मिळालेला शब्द मात्र कायमचा त्या पायरीवर उभा राहतो. ज्याला शिष्ट दिसायचे आहे तो त्याला टाळू लागतो. येथे दाते-कर्वे यांच्यावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. त्यांनी ‘कुण.’ अशी खूण करून का होईना, ती रूपे नोंदली, म्हणून ती आज आपल्याला उपलब्ध आहेत. परंतु त्या खुणेमागची दृष्टी कोणत्या अंगणात उभी राहून पाहत होती, हेही आपल्याला दिसले पाहिजे. ज्या भाषेला खूण लावावीच लागत नाही ती प्रमाण, आणि जिला कंस लागतो ती बोली, अशी ही न लिहिलेली व्याख्या आहे.

आता या खुणांच्या नकाशावर आपला भाग कोठे आहे ते पाहा. बारामती या कोशात आहे, आणि फार ठळकपणे आहे. पण ती आहे मोरोपंतांच्या रूपाने. मोरोपंत जन्मले पन्हाळ्यास १७२९ मध्ये. बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य या गावी गेले आणि १७९४ मध्ये येथेच ते निवर्तले. मोआदि, मोभीष्म, मोकर्ण, केका ही त्यांच्या पर्वांची आणि केकावलीची संक्षिप्त रूपे दाते-कर्वे यांच्या कोशात पानोपानी भेटतात. कऱ्हेकाठी बसून रचलेल्या आर्यांतील संस्कृतप्रचुर शब्दांना असा भक्कम आधार मिळाला. त्याच कऱ्हेकाठी मोट हाकणाऱ्याच्या शब्दांना मात्र तसा पत्ता मिळाला नाही. वऱ्हाड, खानदेश, माणदेश, कुडाळ, राजापूर ही नावे जशी खुणा झाली, तशी बारामती किंवा इंदापूर ही खूण झाली नाही. नीरा आणि भीमा यांच्या मधला हा पट्टा, जो नीरा-नरसिंहपूरच्या संगमाशी संपतो, तो एका बाजूने पुणेरी म्हणून बिनखुणेचा राहिला आणि दुसऱ्या बाजूने ‘ग्राम्य’ या सर्वसमावेशक पोत्यात गेला.

असे का झाले? याचे एक उत्तर त्याच कोशाच्या आधारग्रंथांत सापडते. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ चा. कोशात तो ‘गांगा’ या दोन अक्षरांनी वावरतो आणि गावकी, वतने, बलुती यांविषयीचे कितीतरी शब्द या दोन अक्षरांच्या बळावर कोशात शिरले आहेत. ना. गो. चापेकरांनी आपल्या बदलापूर गावाचे तपशीलवार वर्णन करणारा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘बदलापूर’ हे त्या ग्रंथाचे नाव पुढल्या विभागांत आधार म्हणून येऊ लागले. म्हणजे गाव कोशात जाते ते त्याच्या बोलीच्या मोठेपणावर नव्हे, तर त्याच्याविषयी कोणीतरी बारकाईने लिहून ठेवले म्हणून. माणदेशाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आली १९४९ मध्ये, ‘माण.’ ही खूण कोशात त्याआधीच होती. साहित्याने बोलीला प्रतिष्ठा देण्यापूर्वी कोशाने तिला पत्ता दिला होता. हा क्रम साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये.

आता सामूहिक कोशाकडे वळू. विक्शनरी हा विकिपीडियाच्या परिवारातला प्रकल्प. त्याची इंग्रजी आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली. मराठी विक्शनरी स्वतंत्र आहेच, शिवाय इंग्रजी विक्शनरीतही मराठी शब्दांच्या नोंदी आहेत. येथे एक शंका स्वाभाविक आहे. छापील कोशात संक्षेप आले ते जागा वाचवण्यासाठी. दोन स्तंभांच्या पानावर ‘स्त्रीलिंगी’ हा शब्द हजारो वेळा छापायचा तर कागदाचे आणि जुळाऱ्याच्या श्रमाचे काय? पडद्यावर कागदाची टंचाई नाही. मग तेथे संक्षेप कशाला हवेत? हवेत, कारण तेथे त्यांचे काम बदलले आहे. पूर्वी संक्षेप जागा वाचवत असे, आता तो वर्गवारी करतो. नोंदीत विशिष्ट साचा घातला की तो शब्द आपोआप एका वर्गात जाऊन बसतो: मराठी पुल्लिंगी नामे, फारसीतून आलेले शब्द, कालबाह्य शब्द, असे. छापील कोशातला ‘ग्राम्य’ हा त्या एका नोंदीपुरता शेरा होता. येथे तोच शेरा शब्दाला एका यादीत नेऊन उभा करतो, आणि ती यादी उद्या कोणी संशोधक मोजणार आहे, कोणी यंत्र वाचणार आहे, कोणी भाषांतराचे साधन तिच्यावरून शिकणार आहे. चुकीच्या खुणेची किंमत त्यामुळे वाढली आहे.

काही बाबतींत या नव्या खुणा जुन्यांपेक्षा सूक्ष्म आहेत, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या कोशातली [सं.] ही खूण तत्समालाही लागते आणि तद्भवालाही, ‘हस्त’पासून ‘हत्थ’ आणि त्यापासून ‘हात’ असा क्रम दिला असेल तर वाचकाने तो स्वतः ओळखायचा. विक्शनरीत वारशाने आलेला शब्द, उसना घेतलेला शब्द आणि विद्वानांनी ग्रंथांतून उचललेला शब्द यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. लिखित पुरावा नसलेल्या, केवळ अनुमानाने बांधलेल्या रूपापुढे तारा असतो. व्युत्पत्ती ठाऊक नसेल तर तसे लिहिण्याचीही सोय आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत उपयुक्त सोय आहे. मराठीत व्युत्पत्तीच्या नावाखाली संस्कृत धातू खेचून आणण्याची जी हौस आहे, तिला एवढा लगाम पुरेसा आहे.

परंतु ठिकाणांच्या खुणांबाबत मराठीतले आपले काम अगदीच ढोबळ आहे. मराठी शब्द नोंदवताना ‘बोलीभाषेतील’ एवढे लिहून मोकळे होण्याची आपली वृत्ती असते. ‘बोलीभाषेतील’ हा शेरा काहीच सांगत नाही. कोणती बोली? कोठली? कोणत्या कामातली? असा शेरा म्हणजे पत्त्याच्या जागी ‘महाराष्ट्रात कोठेतरी’ असे लिहिण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या शिवारातलेच घेऊ. ‘कोयता’ या शब्दाचा हत्यार हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे तोडणीचा करार झालेले जोडपे, बहुधा नवरा-बायको. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम किती माणसे आणणार हे सांगत नाही, किती कोयते आणणार हे सांगतो. उचल ठरते ती कोयत्यावर. बारामती आणि इंदापूरच्या कारखान्यांच्या परिसरात हंगाम सुरू झाला की हा शब्द या अर्थाने दिवसभर कानी पडतो. आता या अर्थापुढे कोणती खूण लावाल? ‘ल.’, म्हणजे लाक्षणिक? हत्यारावरून ते चालवणाऱ्याला नाव मिळाले, म्हणून लक्षणा. अलंकारशास्त्राच्या तासाला हे उत्तर बरोबर ठरेल. परंतु करारात, हिशेबात आणि उचलीच्या वहीत हा शब्द वाच्यार्थानेच येतो. त्याला लाक्षणिक म्हणणे म्हणजे एका कठोर आर्थिक एककाला भाषेची गंमत ठरवणे होय. ‘ग्राम्य’ म्हणाल, तर जो शब्द कारखान्याच्या नियोजनात, वृत्तपत्रांत आणि समित्यांच्या चर्चेत वापरला जातो तो ग्राम्य कसा? शिवाय ‘बारामती’ अशी ठिकाणाची खूण तरी पुरेल काय? तोडणारे येतात बीडसारख्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांतून, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावकडून. शब्द त्यांचा आणि फड येथला. येथे योग्य खूण एकच: ‘ऊसतोडणी’, म्हणजे व्यवसायाची, आणि तिच्या जोडीला शब्द कोठे नोंदला त्याचा उल्लेख. व्याख्येतही ‘जोडपे’ हा शब्द यायलाच हवा. दोन माणसांना एक मोजणारे, आणि त्यात बाईच्या मजुरीला वेगळे नाव न ठेवणारे हे एकक आहे. व्याख्येत नुसते ‘मजूर’ लिहिले तर कोश ही गोष्ट झाकून ठेवील.

कोयत्याइतके गुंतागुंतीचे नसलेले, पण तितकेच नेमकेपणा मागणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या उसाच्या तीन लागणी. आडसाली म्हणजे ‘उसाचा एक प्रकार’ असे लिहून भागत नाही. ती जुलै-ऑगस्टमधली लागण, जिचे पीक दीड वर्षाच्या सुमारास तुटते, हे सांगितले तरच ‘आड’ आणि ‘साल’ यांचा संबंध वाचकाला दिसतो. खोडवा आणि निडवा हे पहिल्या आणि दुसऱ्या फुटव्याचे ऊस. पहिल्यातले खोड उघड आहे, दुसऱ्याची व्युत्पत्ती पुराव्याशिवाय सांगू नये. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्यासोबत एक सबंध शब्दसृष्टी रुजली: पाटकरी, चारी, पाळी, फाटा. उसाला पाणी देताना एका सरीचे दार फोडायचे आणि दुसरीचे बांधायचे, याला आपण ‘दारं धरणे’ म्हणतो. नगर-नाशिककडे याच कामाला ‘बारे देणे’ म्हणतात. एकाच कृतीचे हे दोन वाक्प्रचार ‘बोलीभाषेतील’ या एकाच शेऱ्याखाली घातले तर दोहोंतली सीमारेषा पुसली जाते, आणि ती रेषा शोधणे हेच तर बोलीविज्ञानाचे काम. ‘टेल’ हा शब्द घ्या. कालव्याच्या शेवटच्या टोकाला इंग्रजीतून आलेले हे नाव. [इं.] एवढी खूण कुळाच्या दृष्टीने खरी आहे; पण ‘टेलच्या शेतकऱ्या’ला पाणी मिळत नाही, या वाक्यातले दुःख त्या खुणेत मावत नाही. कूळ इंग्रजी असले तरी शब्द पूर्णपणे येथल्या मातीतला झाला आहे. तीच गोष्ट पाणीमागणीच्या ‘सात नंबर’ अर्जाची.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्हीं गंभीर आहेत. पहिला असा की कोणीही नोंद करू शकेल अशा कोशात खुणांची अराजकता माजेल. प्रत्येक जण आपापल्या गावाचे नाव लावील आणि कोशाची विश्वासार्हता जाईल. भीती रास्त आहे. परंतु छापील कोशांतल्या खुणाही कोणाच्या तरी मतावरच आधारलेल्या होत्या. फरक इतकाच की तेथे ते मत कोणाचे आणि ते का बदलले, हे आपल्याला दिसत नाही. येथे प्रत्येक नोंदीचा इतिहास जपलेला असतो, चर्चेला वेगळे पान असते, आणि खूण चुकली तर आधार दाखवून ती बदलता येते. शिवाय आधाराची अट आहेच. इंग्रजी विक्शनरीचा दंडक असा की ज्या भाषांत मुबलक लेखन उपलब्ध आहे, त्यांतील शब्दाचे किमान तीन स्वतंत्र वापर, आणि तेही वर्षाहून अधिक काळात पसरलेले, दाखवता आले पाहिजेत. ज्या भाषांत लेखन तुटपुंजे आहे त्यांना एकही पुरतो. या दंडकात आपल्यासाठी एक अडचण दडलेली आहे. मराठीत लेखन मुबलक आहे. पण नीरा-भीमेच्या पट्ट्यातल्या बोलीचे लेखन मुबलक नाही. भाषा श्रीमंत आणि तिची बोली दरिद्री, अशा स्थितीत बोलीला श्रीमंताच्या नियमाने मोजले जाण्याचा धोका असतो. यावर तक्रार करण्यापेक्षा आधार निर्माण करणे हाच उपाय आहे.

दुसरा आक्षेप भाषाशास्त्राचा आहे. बोलीच्या सीमा तालुक्याच्या सीमांप्रमाणे चालत नाहीत. इंदापूरचा पूर्व भाग करमाळा-माढ्याच्या बोलीशी जवळीक सांगतो, बारामतीचा पश्चिम भाग पुरंदरशी. मग ‘बारामती’ किंवा ‘इंदापूर’ ही खूण खोटी अचूकता दाखवणार नाही काय? दाखवील, जर आपण तिचा अर्थ ‘हा शब्द येथलाच’ असा केला तर. तिचा अर्थ ‘हा शब्द येथे नोंदला’ एवढाच ठेवावा. पहिल्या अर्थात मालकी आहे, दुसऱ्यात साक्ष आहे. जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी उभे केले, आणि जे २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागले, त्याचा आदर्श येथे उपयोगी आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात ओवी कोणी गायली आणि कोणत्या गावी गायली याची नोंद ठेवण्यावर भर आहे. ओवी त्या गावाचीच आहे असा दावा त्यात नाही. तेथे ती जिवंत होती एवढी साक्ष आहे. कोशातली ठिकाणाची खूण अशीच असावी.

तेव्हा मराठीच्या विभागांनी काय करावे? कोशवाङ्मयाच्या प्रकरणात सनावळीबरोबर संक्षेपसूची वाचायला लावावी. दाते-कर्वे यांच्या कोशाचे एक पान घेऊन त्यावरची प्रत्येक खूण सोडवून दाखवण्याचा स्वाध्याय द्यावा. आपल्या विद्यार्थ्यांत ऊस उत्पादकांची मुले आहेत, पाटकऱ्यांची आहेत, मेंढपाळांची आहेत, उजनीच्या पाण्यात गाव गेलेल्या घरांतली आहेत. प्रत्येकाने आपल्या घरच्या कामातले दहा शब्द आणावेत. प्रत्येकास लिंग, वचन, सामान्यरूप, व्यवसायाची खूण, नोंदीचे गाव आणि एक पूर्ण वाक्य द्यावे. ‘ग्राम्य’ हा शेरा वापरायचा नाही, हा एकच निर्बंध असावा; शब्द खरोखर शिवीगाळीचा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. हे शब्द महाविद्यालयाच्या वार्षिकात, स्थानिक नियतकालिकात आधी छापून यावेत, म्हणजे त्यांना आधार मिळेल. मग ते सामूहिक कोशात जावेत. ‘गांगा’ आणि ‘बदलापूर’ यांनी जे एकेकट्याने केले, ते वर्गाने मिळून करता येण्याजोगे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तिच्या प्राचीनतेचे पुरावे पुन्हा एकदा चर्चेत आले. ते आवश्यकच होते. परंतु भाषेचा दर्जा तिच्या पहिल्या शिलालेखाने जसा ठरतो, तसा तिच्या आजच्या नोंदींनीही ठरतो. मोरोपंतांच्या बारामतीला कोशात जागा मिळून नव्वदहून अधिक वर्षे झाली. दारं धरणाऱ्या बारामतीला आणि कोयत्याने मोजल्या जाणाऱ्या इंदापूरच्या फडाला ती मिळायची असेल, तर कंसात काय लिहायचे हे आपणच ठरवायला हवे, आणि त्या कंसाशेजारी आधारही आपणच द्यायला हवा.